ब्रिजीच्या घरचं लोणी

"दाराला अडसर घाल," ब्रिजी म्हातारी म्हणाली, "आणि लोणी येईपर्यंत साक्षात पोप आला तरी उघडायचं नाही."

मार्टिनने अडसर घातला. मार्टिन तिचा मुलगा, चाळिशीला टेकलेला, पण आईपुढे अजून शाळेतल्या पोरासारखा उभा राहणारा. म्हातारीने दोन्ही खिडक्यांची दारं ओढून घेतली आणि फटींत लोकरीच्या जुन्या शाली कोंबल्या. भर दुपारी घरात तिन्हीसांज झाली. चुलीत नांगराचा फाळ आडवा ठेवलेला होता. त्याला अजून लाली चढली नव्हती.

"लुई, तू बोटीवर भट्टी पेटवायचास ना? मग ही पेटव."

लुई म्हणजे मी. लवू म्हसकर, दाभोळच्या खाडीकाठचा. म्हातारीच्या जिभेला लवू वळेना, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी माझं बारसं करून टाकलं. त्या घरातलं बोलणं मी माझ्याच बोलीत सांगणार आहे. त्यांची बोली अर्धी माझ्या डोक्यावरून गेली, आणि उरलेली अर्धी या पन्नास वर्षांत मी सांगून सांगून सुधारून घेतली आहे.

तिथे मी पोचलो कसा, तर आमची मालवाहू बोट वादळात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला आसऱ्याला शिरली आणि भट्टीखान्याच्या शिडीवरून मी खाली आलो तो नडगी मोडूनच. बोट कुणासाठी थांबते? ती गेली. बंदरातल्या एजंटाने माझ्या पायाला लाकडी पट्ट्या बांधून घेतल्या आणि हाड सांधेपर्यंत मला ब्रिजीच्या घरी टाकलं. गवताने शाकारलेलं बुटकं घर, मागे एक गाय, समोर दगडांचीच शेती, आणि पलीकडे समुद्र. समुद्र तेवढा ओळखीचा वाटला.

कुबड्या टेकत उंबऱ्यात उभा राहिलो तेव्हा म्हातारी ताक करत होती. त्यांचं घुसळणं आपल्यासारखं रवीचं नाही. माणसाच्या कमरेइतकं उंच लाकडी पिंप, झाकणाला भोक, भोकातून दांडा, तो उखळात कांडल्यासारखा वरखाली करायचा. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आत येणार असशील तर आधी देवाचं नाव घे आणि हात लाव."

"माझा पाय मोडलाय बाई."

"मी पाय लावायला सांगितलंय का?"

तिथली रीतच तशी. घरात घुसळण चालू असताना जो कोणी उंबरा ओलांडेल त्याने 'देव या कामाला बरकत देवो' म्हणायचं आणि चार वेळा तरी दांडा हलवायचा. न हलवता निघून गेला, तर जाताना त्या घरचं लोणी घेऊन गेला. म्हणजे वाटीत घालून नव्हे. पुढे त्या घरात कितीही घुसळा, नुसता फेस. लोणी त्याच्या घरच्या पिंपात जाऊन बसतं.

मी कुबडी भिंतीला टेकवून दांडा हलवला. माझ्या आईने आयुष्यभर मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या, आणि ठसका आला नाही की गल्लीतल्या एकेका बाईचं नाव ती बोटावर मोजायची. मला त्या घरात परकं वाटलं नाही ते यामुळेच.

तर मे महिना लागला. त्या लोकांत मे महिन्याचा पहिला दिवस फार कडक. त्या दिवशी घरातला निखारा बाहेर द्यायचा नाही, मीठ द्यायचं नाही, दुधाचा थेंब द्यायचा नाही. उंबऱ्यावर पिवळी रानफुलं पसरायची, गाईच्या शेपटीला लाल दोरा बांधायचा. ब्रिजीने सगळं यथासांग केलं आणि घुसळायला बसली. मी चुलीपाशी, पट्ट्या बांधलेला पाय समोर ताणून.

तेवढ्यात दारात हॅना आली. हॅना म्हणजे शेजारची विधवा, ब्रिजीच्याच वयाची. दोघी एकाच वर्षी त्या गावात लग्न होऊन आल्या, एकमेकींची बाळंतपणं काढली. हॅनाची मुलगी ऊना आणि आमचा मार्टिन यांचं लग्न सप्टेंबरात ठरलेलं. आपल्या घरात येतात तशी ती यायची म्हणे; मी आल्यापासून मात्र ती बहिणीच्या गावी होती, आदल्या रात्रीच परतली होती. पण त्या दिवशी ती एक पाऊल आत आली, थबकली, आणि चेहरा असा केला की जणू घरात कोणी मेलंय. देवाचं नाव नाही, दांड्याला हात नाही. वळली आणि निघून गेली.

ब्रिजीचा हात दांड्यावर तसाच राहिला. "हिला काय झालं?"

त्या दिवशी लोणी आलं. पण पुढच्या खेपेला आलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. मार्टिनचे दंड भरून आले, मी घुसळलं, पुन्हा मार्टिनने घुसळलं. वर नुसता फेस, लुच्च्या माणसाच्या हसण्यासारखा.

म्हातारीने संशयाला आधी घरातूनच सुरुवात केली.

"लुई, तू रोज देवाचं नाव घेतोस ना?"

"घेतो."

"कुठल्या देवाचं?"

"आमच्या."

तिने विचार केला. "एप्रिलमध्ये तू होतास आणि लोणी येत होतं. म्हणजे तो देव चालतो." मी सुटलो.

मग गाईची पाळी आली. ड्रिमी तिचं नाव. म्हातारीने तिच्या डोळ्यांत पाहिलं, आचळं पाहिली, शेपटीचा दोरा पाहिला. गाय सुटली. मग एका सकाळी कुरणात ससा दिसला. गाईच्या पायांपाशी बसला होता आणि माणसासारखा बघत होता.

"ससे असेच बघतात, आई," मार्टिन म्हणाला.

"याला ससा म्हणायचं का बाई म्हणायचं ते मला माझ्या आजीने सांगितलंय. गाईचं दूध ओढायला बाईच सशाच्या रूपाने येते. पळताना कुठल्या बाजूला गेला?"

ससा हॅनाच्या घराकडे गेला होता.

त्यानंतर मात्र म्हातारीला सगळंच दिसायला लागलं. हॅनाच्या धुराड्यातून सकाळी आपल्याआधी धूर निघतो. हॅना बांधावर उभी राहून आपल्या घराकडे टक लावून बघते. तेवढं खरं होतं, मीही पाहिलं होतं. शाल डोक्यावर ओढून ती उभी असायची, कोणी बाहेर आलं की मागे सरायची. पूर्वी रोज येणारी बाई आता येत नव्हती, नुसती बघत होती. आणि तिच्याकडचं लोणी दुकानदार बर्कच्या दुकानात सोन्यासारखं पिवळं दिसत होतं. बर्कने ते ब्रिजीला मुद्दाम दाखवलं. हा बर्क गावातला असा माणूस, की कुणाच्या घरात काय जळतंय ते त्या घराआधी याला कळायचं.

मला खरं विचाराल तर, माझाही त्या बाईवर संशय बसला. मी तिच्याकडे बघितलं की ती क्रूसाची खूण करायची. निर्मळ मनाची बाई असं कशाला करील?

"चोरटीच्या घरची पोर माझा उंबरा ओलांडणार नाही," ब्रिजीने एका रात्री जेवताना सांगून टाकलं.

मार्टिनने बटाटा खाली ठेवला. "ऊनाने काय केलंय?"

"आईने केलंय."

"केलंय कशावरून?"

"उद्या कळेल. ती स्वतःच येऊन सांगेल."

तर तो हा उद्या. उपाय असा, की दारं-खिडक्या बंद करून नांगराचा फाळ चुलीत लाल करायचा आणि त्या आचेत घुसळायचं. फाळ तापला की चोर जिथे असेल तिथे त्याचे हात भाजायला लागतात. मग तो धावत येतो, दार ठोठावतो, उघडा म्हणून ओरडतो. उघडायचं नाही. पुरता भाजला की लोणी सुटतं, आणि हातावरच्या डागाने चोर गावाला कळतो.

त्यांच्याकडे जळण म्हणजे दलदलीची काळी माती विटांसारखी कापून वाळवलेली. आच मंद, आपल्या गोवरीसारखी. मी चार विटा रचल्या. म्हातारीने आणखी दहा टाकल्या, वर दलदलीत सापडणारी राळेने भरलेली जुनी मुळं टाकली. आग फुरफुरायला लागली.

"बाई, पुरे. धुराडं भरेल."

"तू बोटीचं बघ."

फाळ लाल झाला. मार्टिन खालमानेने घुसळत होता. घामाचे थेंब पिंपाच्या झाकणावर पडत होते. त्याला लोणी हवं होतं की नको होतं, देव जाणे. मी बाहेरच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो, आणि कोणी येऊ नये असं मला फार वाटत होतं.

दारावर थाप पडली.

"ब्रिजी! दार उघड!"

हॅनाचाच आवाज. मार्टिनचा चेहरा पिठासारखा झाला. ब्रिजी दाराला पाठ लावून उभी राहिली. चोर सापडल्याचा आनंद मला काही त्या तोंडावर दिसला नाही.

"ब्रिजी, ऐकतेस का? धुराड्यापाशी छप्पर पेटलंय!"

"आई—"

"घुसळ! ती काहीतरी निमित्त काढणारच. माझ्या आजीच्या वेळी जी बाई आली होती ती म्हणत होती, तुमची गाय विहिरीत पडली."

"मग पडली होती का गाय?" मी विचारलं.

"पडली होती. पण तो वेगळा विषय."

दारावर मुठी आपटत होत्या. "मार्टिन! अरे, तू तरी! बाहेर निघा सगळे!"

"आई, खरंच पेटलं असेल तर?"

"थांबलास तर सगळं वाया. आजवर कुणाचं छप्पर पेटलंय?"

मग दार ठोठावणं थांबलं. थोड्या वेळाने डोक्यावर खसफस सुरू झाली. छपरावर कोणीतरी चालत होतं.

"बघ," ब्रिजी कुजबुजली, "साठीची बाई छपरावर चढते. आता तरी पटलं?"

मला पटलं होतं. आणि त्याच वेळी गवताचं एक पेटलेलं पेंढकं माझ्या पट्ट्या बांधलेल्या पायावर पडलं.

वर गवत उपसल्याचा आवाज झाला, छपराला भोक पडलं आणि भोकातून उन्हाचा झोत आत आला. झोतात हॅनाचं काजळीने माखलेलं डोकं.

"ब्रिजी डोलन, तू बहिरी झालीस की वेडी झालीस? पाणी दे वर!"

घरात पाणी एक बादली. मार्टिन टेबलावर चढला, बादली वर गेली, रिकामी खाली आली. आग चरचरली पण विझली नाही. पाणी संपलं. मार्टिनने क्षणभर आईकडे पाहिलं, मग पिंपाचं झाकण उडवून बादली आत बुडवली. ताकाची बादली वर गेली. दुसरी गेली. मी एका पायावर उभा राहून देत होतो, मार्टिन वर पोचवत होता. तिसऱ्या बादलीला वरून आवाज आला,

"अरे थांबा, यात लोणी आहे!"

होतं. पिवळंधमक, मुठीएवढे गोळे. खोटं सांगत असेन तर माझी दुसरी नडगी मोडो.

आग विझली. अडसर काढून आम्ही बाहेर आलो तेव्हा दलदलीवर काम करणारी माणसं धावत पोचली होती, सगळ्यांच्या पुढे बर्क. हॅना मागच्या बाजूने उतरून आली. पेटतं गवत तिने हातांनी उपसलं होतं. दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती.

लोकांनी बंद खिडक्या पाहिल्या. उघड्या दारातून चुलीतला लालभडक फाळ पाहिला. बादलीतलं लोणी पाहिलं. मग हॅनाचे हात पाहिले. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दार ठोठावायला कोण आलं, कोण ओरडलं, कुणाचे हात भाजले, लोणी केव्हा सुटलं, सगळं रीतीबरहुकूम जुळत होतं.

हॅनानेही तेव्हाच फाळ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ब्रिजीकडे वळली.

"माझ्यासाठी तापवलास?"

हॅना हात समोर धरून, काही सांडू नये अशी जपून, आपल्या घराकडे चालत गेली.

"शेवटी सापडली तर," बर्क म्हणाला. "मला पहिल्यापासून वाटत होतं. तू गावापुढे बोल, ब्रिजी. आम्ही सगळे तुझ्या बाजूने आहोत."

"रविवारी देवळात बोलू," ब्रिजी म्हणाली. "आता जा." मग आम्हाला म्हणाली, "पाऊस यायच्या आत छपराचं भोक झाका. दोघेही जा. फाळ मी काढते."

मी खालून गवताच्या पेंढ्या देत होतो, मार्टिन वर बांधत होता. तो एकदाच बोलला. "आईने तोंड उघडलं तर त्या दोघींना या गावात राहता येणार नाही. ऊनाशी कोणी बोलणारसुद्धा नाही." आत आलो तेव्हा फाळ पाण्याच्या बादलीत होता. म्हातारी खुर्चीत बसली होती, हात एप्रनखाली. चेहरा पांढरा. मला वाटलं, आता घाबरली. घर जळालं असतं ना.

रविवारी सकाळी तिने एक चांगली चादर दातांनी फाडायला घेतली. लांब पट्ट्या काढल्या.

"मार्टिन, हात पुढे कर. लुई, तूपण."

आमच्या तळव्यांवर तिने डुकराची चरबी आणि काजळी फासायला लावली, वर पट्ट्या गुंडाळायला लावल्या. स्वतःच्या दोन्ही हातांवर पट्ट्या आधीच होत्या. उजवीची गाठ सैल झाली होती, ती मार्टिनकडून आवळून घेतली, आणि आवळताना अशी कळवळली की मी मनात म्हटलं, काय सोंग वठवते म्हातारी!

देवळाच्या फाटकापाशी गाव जमलं होतं. हॅना आणि ऊना एका कडेला उभ्या होत्या, त्यांच्याभोवती मोकळी जागा. आम्ही तिघे सरळ त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिलो. ब्रिजी हॅनाला खेटून. हॅनाने तिच्याकडे पाहिलं नाही.

बर्क पुढे आला. "ब्रिजी, तू चुकीच्या बाजूला उभी आहेस."

"लोणी चोरणाऱ्याचे हात भाजतात, बरोबर?"

"बरोबर."

"मग मोज. एक, दोन, तीन, चार." तिने आमच्या पट्ट्या दाखवल्या. "आमच्या घरात त्या दिवशी आग लागली, बर्क. जो आग विझवायला आला त्याचे हात भाजले. यातला चोर तू निवड."

लोकांत चुळबुळ झाली. बर्क हसला. तो मूर्ख नव्हता. "पट्टी कोणीही बांधील," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "परदेशी पाहुणा, जरा सोडून दाखव."

पट्टीखाली चरबी आणि काजळी, त्याखाली माझा धडधाकट हात. तो एकदा दिसला की खोटं उघडं, आणि खोटं उघडं पडलं की हॅना एकटीच चोर. बर्कने माझं मनगट धरलं.

"घरच्या मालकिणीला सोडून पाहुण्याचा हात धरतोस?" ब्रिजी मधे आली. "माझ्यापासून सुरू कर."

आणि तिने उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला.

मी तिच्या मागे होतो. मला दिसला तो बर्कचा चेहरा. तो पट्टीचे वेढे भराभरा सोडत होता, हसतच सोडत होता. शेवटचा वेढा सुटला आणि हसू तिथेच राहून गेलं, विसरून गेल्यासारखं. वेढे पुन्हा एकेक करून, अगदी हलक्या हाताने, गुंडाळले. डोक्यावरची टोपी काढली.

"माफ कर, ब्रिजी," तो म्हणाला. मग हॅनाकडे वळून, "तूही."

वाट मोकळी झाली. दोघी म्हाताऱ्या आत जाऊन एका बाकावर बसल्या. मी दंग झालो होतो. नुसत्या डोळ्यांच्या धाकाने तिने त्या माणसाला गार केलं, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो.

देवळातून निघताना हॅनाने मला गाठलं. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"तू माणूसच आहेस ना?"

"होय बाई."

"त्या दिवशी चुलीपाशी बसलेला तुला पाहिलं. कोळशासारखा काळा, एक पाय लाकडाचा, आणि माझ्याकडे बघून दात दाखवलेस. मला वाटलं, ब्रिजीने टेकडीखालच्यांपैकी एकाला घरात घेतलंय." टेकडीखालचे म्हणजे तिथले अदृश्य लोक, ज्यांचं नाव घेत नाहीत. "देवाचं नाव आठवेना मला, दांड्याला हात कुठला लावतेय! त्या दिवसापासून तुझ्यावर नजर ठेवून होते. म्हणून तर छपरावरची ठिणगी मला दिसली."

जूनमध्ये माझ्या पायाच्या पट्ट्या सुटल्या आणि एजंटाने दुसऱ्या बोटीवर जागा काढली. निघायच्या सकाळी ब्रिजी घुसळत होती. डाव्या हाताने. हॅना समोर बसून कोबीच्या पानात लोणी बांधत होती, तिच्या तळव्यांवर नवी गुलाबी कातडी आली होती. दोघी सप्टेंबरच्या लग्नाला कुणाला बोलवायचं नाही यावर भांडत होत्या.

मी रीतीप्रमाणे देवाचं नाव घेऊन दांडा हलवला. मग ब्रिजीने निरोपाला उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला आणि माझ्या बोटांना काहीतरी कडक लागलं. उलटा करून पाहिला. तळव्यावर आडवा, अंगठ्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत, एक सरळ जाड वण होता. नांगराच्या फाळाची धार असते तेवढा सरळ.

मी काही बोलणार, तोच तिने डोळ्यांनी हॅनाकडे खूण केली आणि मान हलवली. हॅना पाठमोरी होऊन पानाला दोरा बांधत होती.

"लोणी उन्हात ठेवू नकोस, लुई," ब्रिजी म्हणाली. "हॅनाने मीठ कमी घातलंय."

"मी बरोबर घातलंय," हॅना म्हणाली.